दक्षिणेकडे तोंड

मंदाताईंना ते दीपगृह पाहून आधी हसूच आलं. ख्राइस्टचर्चहून निघून दिवसभर गाडीत बसायचं, रात्री तीन-तीन रजया घेऊनही कुडकुडायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी चिखलाची पाऊलवाट तुडवत डोंगराच्या सोंडेला वळसा घालायचा, आणि शेवटी बघायचं काय, तर पांढऱ्या फळ्यांचा एक दोन मजली बुरूज, त्याच्या डोक्यावर काचेची खोली आणि तिच्यावर लाल टोपी.

"एवढंसं?" त्या म्हणाल्या. "आपल्या सोसायटीची पाण्याची टाकी तरी याच्याहून उंच असेल हो."

बाळासाहेबांना हे असं लागलं, की जणू ते दीपगृह त्यांच्या आजोबांनीच बांधलं होतं.

"अगं, उंचीवर काय जातेस! सव्वाशे वर्षांपूर्वी या सरोवरात आगबोटी चालायच्या. मेंढ्या, लोकर, सोनं हुडकायला आलेली माणसं, सगळं पाण्यावरून. रस्ता नव्हताच. आता बघ, डावीकडे खडक, उजवीकडे खडक, मध्ये पाणी आत शिरलेला हा एवढासा कोपरा. काळोखात तो सापडायचा कसा? या दिव्यावरून. दिवा दिसला की नीट त्याच्या रोखाने यायचं, की लागलात धक्क्याला."

"बाबांनी रात्री कॉटेजमधलं पुस्तक वाचलंय," श्रीनाथ बायकोच्या कानात म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

बाळासाहेब पुण्याच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि जगातल्या कुठल्याही पाण्यावर आपला थोडा हक्क आहे असं त्यांना वाटे. श्रीनाथ त्यांचा एकुलता एक मुलगा, ख्राइस्टचर्चमध्ये पुलांचे नकाशे करणारा इंजिनियर. सून सिद्धी तिथल्याच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. दोन हजार सहा सालचा जुलै होता, तिकडचा ऐन हिवाळा, आणि आईबाबा पहिल्यांदाच आले आहेत तर त्यांना दक्षिण बेटावरचं काहीतरी खास दाखवू, म्हणून मुलाने चार दिवसांची रजा काढली होती. सरोवराचं नाव इथे सांगत नाही. सांगितलं की पुढच्या सुट्टीत लोक गाड्या भरून निघतील आणि तिथल्या शांततेची वाट लावतील.

त्या दिवशी दिव्यांची अमावस्या होती. परदेशात आलं म्हणून काही अमावस्या चुकत नाही. मंदाताईंनी सकाळीच कॉटेजच्या शेगडीवर पातेल्यात चाळणी ठेवून गुळाच्या कणकेचे दिवे उकडले होते. छान चोच काढलेले, वात टेकवायला. या दिवशी घरातले सगळे दिवे घासूनपुसून मांडायचे आणि पुजायचे. कॉटेजमध्ये समया कुठल्या असायला? मग त्यांनी टेबलावरचा दिवा पुसला, श्रीनाथची बॅटरी पुसली, आणि दोन्ही ओट्यावर मांडून त्यांना हळदीकुंकू वाहिलं. श्रीनाथने फोटो काढला. बाळासाहेब म्हणाले, की बाकीचा महाराष्ट्र आज कोंबडी आणि बाटली घेऊन बसलाय आणि आमच्या नशिबी कणीक.

दिवे दुपारी थोडे खाल्ले गेले. उरलेले स्टीलच्या डब्यात घालून, तुपाची बाटली, वाती आणि काडेपेटी असा सगळा सरंजाम पिशवीत भरून मंदाताई निघाल्या. दिवेलागणीला त्या दीपगृहाच्या पायथ्याशी एक दिवा लावायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. दिव्यांच्या दिवशी आपण दिव्याच्याच घरी जाणार, तर रिकाम्या हाताने कसं जायचं?

किल्ली ग्वेन नावाच्या बाईंकडे होती. वळणावरचं डेअरी म्हणतात ते छोटं दुकान त्या चालवायच्या, आणि दीपगृहाची देखभालही त्याच करायच्या. सत्तरी उलटलेल्या, पण चाल अशी की सिद्धीला मागे टाकतील. त्यांनी "किया ओरा" म्हणून सगळ्यांशी हात मिळवले, कुलूप उघडून दिलं, आणि निघताना बजावलं, की वरच्या काचेला हात लावू नका आणि आत काहीही पेटवू नका. सगळं जुनं लाकूड आहे. दिवा आता विजेचा आहे, अंधार पडला की आपला आपण लागतो. किल्ली जाताना दुकानात टाका.

वर जायला शिडीवजा जिना होता. मंदाताईंनी पंजाबी ड्रेसवर मुलाचं जाडजूड जॅकेट चढवलं होतं, त्यामुळे त्या अंगाने दुप्पट झाल्या होत्या. धापा टाकत त्यांनी वरच्या खोलीत डोकं काढलं आणि त्या तिथेच थांबल्या.

खोलीच्या मध्यभागी, लोखंडी खांबावर, हंड्याएवढं काचेचं काहीतरी बसलेलं होतं. पोटाला जाड गोल भिंगाचा पट्टा, आणि त्याच्या वर-खाली काचेच्या कड्याच कड्या, एकीत एक न अडकता रचलेल्या, प्रत्येक तिरकी, प्रत्येकीच्या धारेवर इंद्रधनुष्याची बारीक किनार. आत एक साधा बल्ब. बाहेरचं सगळं सरोवर, बर्फाने माखलेले डोंगर आणि निळं आभाळ त्या काचांमध्ये उलटंपालटं होऊन भरलं होतं. त्यांनी मान जराशी हलवली तर सगळे डोंगर हलले.

"बाई गं," त्या म्हणाल्या. त्यांचे हात आपोआप जुळले. खालून आपण काय बोललो ते आठवून त्यांना लाज वाटली. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहून असं किती वेळा झालं होतं? खरं सांगायचं तर फारसं नाही. देवळात मागच्या रांगेची घाई असते.

"या काचेची करामत अशी," बाळासाहेब मागून चढत चढत सांगू लागले, "की दिव्याचा वर आभाळात आणि खाली जमिनीत फुकट जाणारा उजेड ही गोळा करते आणि पाण्यावर आडवा अंथरते. वीज यायच्या आधी इथे तेलाचा दिवा असायचा. एका वातीचा."

"एका वातीचा?"

"एका. आणि पार पलीकडच्या किनाऱ्यावरून दिसायचा."

मंदाताईंनी रुमाल काढला. दिव्यांच्या अमावस्येला एवढा मोठा दिवा समोर आणि तो पुसायचा नाही?

"आई, नो टचिंग हं," सिद्धी म्हणाली.

"बरं बाई. लोखंडाला तरी चालेल?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी पुडी काढून खांबाला खाली, कुणाला दिसणार नाही असं, हळदीकुंकू लावलं.

इथवर सगळं ठीक होतं. मग बाळासाहेबांना सुचलं, की दीपगृह बघायचं असतं ते पाण्यावरून. जमिनीवरून बघणं म्हणजे नाटक विंगेतून बघण्यासारखं आहे. कॉटेजवाल्याची एक छोटी पत्र्याची बोट धक्क्याला बांधलेलीच होती, मागे मोटर लावलेली, आणि भाड्यात तिचा वापर धरलेला होता.

"बाबा, तिकडे ढग दिसतायत," सिद्धी म्हणाली.

"ढग कुठे नसतात? आयुष्य पाण्यावर गेलंय माझं."

म्हणजे धरणाच्या भिंतीवर उभं राहून, शिपायाने धरलेल्या छत्रीखाली. पण हे त्यांना सांगणार कोण?

"स्वीट ॲज, तासाभरात येतो गं," श्रीनाथ तिकडच्या लोकांसारखं 'मस्त, चला' या अर्थाने म्हणाला. लाइफ जॅकेटं घातली, बॅटरी खिशात टाकली, मोटर एका झटक्यात सुरू झाली. ऊन लख्ख होतं. बापलेक टाटा करत दक्षिणेकडे निघून गेले आणि बघता बघता बोटीचा ठिपका झाला.

दक्षिणेकडे, हे मंदाताईंच्या लक्षात होतं. या देशात आल्यापासून दिशांनी त्यांना फार छळलं होतं. इथे सूर्य उत्तरेच्या अंगाने फिरतो. पहिल्या आठवड्यात त्यांनी सूर्याच्या भरवशावर मुलाच्या घरचे देव मांडले, आणि श्रीनाथने होकायंत्र आणून दाखवलं तेव्हा निरांजनाचं तोंड नको तिकडेच निघालं. कानाला हात लावून त्यांनी ते फिरवलं. इथली थंडी, वादळ, बर्फ, सगळं दक्षिणेकडून येतं, असं मुलाने सांगितलं तेव्हा मात्र त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. ती दिशाच तशी. यमाची.

तास झाला. ढग आले ते असे, की कुणीतरी पलीकडच्या डोंगरांवर कांबळं ओढलं. वारा सुटला. पाणी निळ्याचं करडं झालं, मग काळपट. मग बर्फ पडायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच मंदाताई बर्फ पडताना बघत होत्या, आणि एरवी त्या लहान मुलीसारख्या हात पसरून उभ्या राहिल्या असत्या. आता त्या पाण्याकडेच डोळे फाडून बघत होत्या. दहा पावलांपलीकडचा धक्का दिसेना.

"अडकले असतील पलीकडे. थांबून येतील," सिद्धी म्हणाली. तिच्या आवाजावरून तिचाच त्यावर विश्वास दिसत नव्हता.

बर्फ थांबला तेव्हा अंधार पडला होता. हिवाळ्यात तिथे दुपार सरता सरताच संध्याकाळ होते, आणि त्यात अमावस्या, वर ढगांचं झाकण. दोघी बुरुजाच्या पायथ्याशी उभ्या राहून वरचा दिवा लागायची वाट बघत होत्या. दिवा लागेना. दुपारी पलीकडच्या किनाऱ्यावर घरं दिसली होती, त्यांच्याही खिडक्या काळ्या. सिद्धीने आत जाऊन बटण दाबून पाहिलं. सगळीकडची वीज गेली होती.

"आई, इथे फोनला रेंज नाही. मी वर सोंडेवर जाऊन येते. तुम्ही इथून हलू नका."

ती मोबाइलच्या उजेडात धडपडत वर गेली. मंदाताई धक्क्याच्या टोकाशी उभ्या राहून हाका मारू लागल्या. "श्रीऽऽ! अहोऽऽ!" आवाज पाण्यावर गेला आणि परत आला नाही. इतका काळोख त्यांनी कधी पाहिला नव्हता. पाणी कुठे संपतं, डोंगर कुठे सुरू होतो, डोळे उघडे आहेत की मिटलेले, काही कळत नव्हतं. दोन्ही बाजूंच्या खडकांवर पाणी आपटल्याचा आवाज तेवढा येत होता. पत्र्याची बोट या खडकांवर आली तर काय होईल, हे कळायला इंजिनियर असायची गरज नव्हती.

सिद्धी परतली ती गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून. पोलिसांशी बोलणं झालं होतं. बचावाची बोट सरोवराच्या खालच्या टोकाकडून, गावातून निघत होती. पण तिला यायला बराच वेळ लागणार.

"ते म्हणाले, किनाऱ्यावर राहा. आणि काही लाइट असेल तर दाखवा. एनी लाइट." तिने मोबाइल वर धरून हलवला. त्याचा निळसर उजेड धक्क्याच्या फळ्यांपलीकडे जात नव्हता. "गाडी वर रस्त्यावर आहे, तिचे हेडलाइट डोंगरावर पडतील. बॅटरी श्रीनाथकडे. आई, आपल्याकडे काहीच नाहीये." आणि एवढा वेळ धीराने वागणारी ती पोर रडायला लागली.

मंदाताईंनी तिला जवळ घेतलं. तेव्हाच त्यांच्या खांद्यावरची पिशवी दोघींच्या मध्ये आली आणि डब्याचा कोपरा त्यांच्या बरगडीला टोचला.

"सिद्धी," त्या म्हणाल्या, "ह्यांनी काय सांगितलं होतं? एका वातीचा दिवा होता ना तो?"

सिद्धीला कळायला क्षणभर लागलं. मग ती म्हणाली, "आई, त्या ग्वेननी सांगितलंय, आत काही पेटवायचं नाही. सगळं लाकूड आहे."

"जळलं तर मी बांधून देईन. चल."

तो जिना मंदाताई त्या रात्री कशा चढल्या ते त्यांना नंतर आठवत नव्हतं. त्या भिंगांच्या काचेला डोंगराच्या बाजूने एक छोटं दार होतं, पूर्वी दिवेवाल्याला हात घालायला ठेवलेलं. सिद्धीने मोबाइल धरला. मंदाताईंनी आत हात घालून बल्ब फिरवून काढला. त्याच्या जागी डबा उपडा ठेवला, म्हणजे दिवा बरोबर पोटाच्या भिंगासमोर येईल. डब्यावर कणकेचा दिवा ठेवला. तूप थंडीने दगड झालं होतं. ते त्यांनी बोटाने खरवडून काढलं, तळहातात चोळून मऊ केलं आणि वातीला भरपूर माखलं. जुन्या तावदानाच्या फटीतून वारा येत होता, म्हणून दिव्याच्या पाठीशी त्यांनी डब्याचं झाकण उभं केलं. काडी ओढली. पहिली विझली, दुसरीही. तिसरीने वात धरली.

"तू धक्क्यावर जा. दिसतोय का सांग."

सिद्धी धावली. मंदाताई ज्योतीकडे बघत राहिल्या. नखाएवढी ज्योत, पण तेवत होती. त्या छोट्या दारातून, तावदानांबाहेर, मागच्या डोंगरावरच्या बर्फावर सोनेरी उजेड पडला होता. त्यांना बरं वाटलं.

खालून हाक आली. "आईऽऽ! काहीच दिसत नाहीये! इकडे अंधारच आहे!"

"लावलाय की गं!"

"मागे डोंगरावर पडतोय! पाण्यावर काही नाही!"

ती पुन्हा धापा टाकत वर आली, काचेतून वाकून पाहिलं आणि तिला कळलं. दिव्याची चोच डोंगराकडे होती, उत्तरेला. त्याची पाठ सरोवराकडे, आणि पाठीशी ते झाकण, भिंतीसारखं उभं. सगळा उजेड डोंगराला, पाण्याला नुसती सावली. मंदाताईंनी असं जाणूनबुजून केलं नव्हतं. चाळीस वर्षं ज्या हातांनी रोज संध्याकाळी दिवा लावला, त्या हातांनी न विचारता तो तसा ठेवला होता.

"उलटा ठेवलाय, आई!" सिद्धीने आत हात घातला. मंदाताईंनी तिचं मनगट धरलं.

"ती दक्षिण आहे."

"काय?"

"दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावत नाहीत, सिद्धी. वर्षातून एकच लावतात, धनत्रयोदशीला. कणकेचाच असतो तोही. कुणासाठी लावतात, ठाऊक आहे ना तुला?"

सिद्धीला ठाऊक होतं. ठाण्याला तिची आईही दर वर्षी दाराबाहेर लावायची. त्या काळोख्या पाण्यावर दोघींची माणसं होती, आणि त्याच दिशेला तोंड करून, कणकेचा, यमाचा दिवा लावायचा. मंदाताईंचं काळीज त्याला तयार होईना. आपणच बोलावणं धाडलं असं झालं तर?

"आई," सिद्धी अगदी हळू म्हणाली, "ते दोघं तिकडेच आहेत हो."

मंदाताईंनी तिचा हात सोडला.

"तू नको," त्या म्हणाल्या. "मी फिरवते. जे काय व्हायचं ते माझ्या हाताने होऊ दे."

त्यांनी दोन्ही हातांनी दिवा उचलला आणि फिरवला. चोच दक्षिणेला. मग झाकण काढून दिव्याच्या दुसऱ्या बाजूला, पुन्हा त्याच्या पाठीशी टेकवलं. त्यांचे ओठ हलत होते. कुठलाही मंत्र नव्हता तो. घरी आलेल्या, न टाळता येणाऱ्या पाहुण्याशी बोलावं तसं त्या बोलत होत्या.

"हा तुझाच समज. यंदाचा आधी लावला असं समज. मान तुझा. पण उजेड माझ्या माणसांचा आहे, त्यांना त्याच्यावरून घरी येऊ दे. तू बघतोच आहेस, तर नीट बघ."

आणि मग त्यांनी मान वर केली.

काचेच्या साऱ्या कड्या पेटल्या होत्या. ज्योत तेवढीच होती, नखाएवढी, पण प्रत्येक कडीने तिच्यातलं आपापलं उचललं होतं. पाठीमागचं लखलखीत स्टीलही आपल्याजवळचा उजेड पुढे ढकलत होतं. खाली दिव्याजवळ फारसं काही दिसत नव्हतं, वरचं छतही अंधारात होतं. सगळा उजेड एका पातळीत, लांब, सपाट, तावदानांतून बाहेर निघाला होता. ढगांतून चुकार बर्फाचे कण अजून पडत होते. ते अंधारातून येत, त्या उजेडात शिरले की क्षणभर पेटत आणि पुन्हा अंधारात जात. पाण्यावर दूरवर एक सोनेरी वाट पडली होती, हलणारी, तुटणारी, पुन्हा जुळणारी. मंदाताई बघतच राहिल्या. भीती होतीच, पण तिच्याहून मोठं काहीतरी त्यांच्या छातीत भरून आलं. सकाळी मळलेली ती कणीक, घरचं तूप, हाताने वळलेली वात, आणि एवढ्या थोरल्या काळोखाला ते पुरत होतं.

"दिसतोयऽऽ!" खालून सिद्धी ओरडली. तिच्या आवाजात रडणं होतं आणि दुसरंही काही होतं. "आई, अख्खी काच पेटलीय! तुम्हाला तिथून कळणार नाही, अख्खी पेटलीय!"

मग वाट बघणं. वारा फटीतून आला की ज्योत आडवी व्हायची आणि मंदाताईंचा जीव तिच्याबरोबर आडवा व्हायचा. त्यांनी ओढणी फटीत कोंबली. पहिला दिवा काळा पडू लागला तसा दुसरा त्याच्याच ज्योतीवर लावून पुढे सरकवला, तोंड दक्षिणेला. आता हात अडखळला नाही. त्यांना वाटलं, इथे पूर्वी जो कोणी दिवेवाला बसत असेल, त्याच्या ओळखीचं कोण असायचं त्या आगबोटींवर? कुणीच नाही. तरी तो रोज बसायचा. त्यांनी नाव न माहीत असलेल्या त्या माणसाला मनोमन नमस्कार केला.

दुसराही दिवा अर्धा सरला असेल, तेव्हा पाण्यावरून आवाज आला. थांबून थांबून, लाकूड पत्र्यावर घासल्यासारखा. वल्ह्याचा आवाज. मग सिद्धीची किंकाळी, मग श्रीनाथचा बसलेला आवाज, "दोरी पकड! सिद्धी, दोरी पकड!" मग धक्क्यावर जड पावलं, आणि सगळ्यांचं एकदम बोलणं.

"आईऽऽ, आले! दोघंही आले! या खाली!"

मंदाताई जमिनीवर बसल्या आणि तोंडावर हात दाबून मनसोक्त रडल्या. पण खाली गेल्या नाहीत.

सिद्धीने दोघांना वरचे ओले कपडे काढायला लावून आपल्या पाठीवरच्या सॅकमधल्या कोरड्या शालींत आणि स्वतःच्या जॅकेटात गुंडाळलं. तरी आई येईना, तेव्हा बाळासाहेब जिना चढून वर आले. दात वाजत होते, हाताच्या तळव्यांना वल्ह्याचे फोड आले होते. बर्फात मोटर बंद पडली होती आणि बॅटरी पाण्यात गेली होती.

"मंदा," ते म्हणाले, "काही दिसत नव्हतं गं. आम्ही वल्हवतोय खरे, पण कुठे, तेच कळेना. एकदा खडकाचा आवाज अगदी कानाशी आला. श्री म्हणाला, बाबा, आपण गोल फिरतोय. आणि मग एकदम एक रेघ उमटली. उभी, सोन्याची. मी म्हटलं, वीज आली." मग त्यांनी काचेत वाकून पाहिलं. डबा, झाकण, आणि त्यावर सकाळी त्यांनीच नावं ठेवलेली ती कणीक.

दिव्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, तेही त्यांनी पाहिलं. अडतीस वर्षं संसार केला होता. मंदाने हे काय केलंय आणि तिला ते करताना काय वाटलं असेल, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"चल आता. ग्वेनबाई शेकोटी पेटवून बसल्यात म्हणे, सिद्धीने त्यांनाही फोन केला होता. मालव तो दिवा."

"तुम्ही व्हा पुढे," मंदाताई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले आणि तिसरा दिवा उचलला.

"आणि तू?"

"ती बोट निघालीय ना, तुम्हाला शोधायला. फोनचं चार्जिंग संपलं, सिद्धी खालून म्हणाली, आता त्यांना कळवणार कसं? ती तिकडूनच यायची आहे, याच खडकांमधून."

"अगं, त्यांच्याकडे सर्चलाइट असतात, रडार असतं, काय काय असतं..."

"असू दे." त्यांनी वात पेटवली, दिवा पुढे सरकवला आणि चोच नीट दक्षिणेला केली. "कुणाची तरी पोरं आहेत ती."

बाळासाहेब शाल आवळून तिच्या शेजारी खाली बसले, घसरायला आलेलं झाकण फोड आलेल्या हाताने धरलं आणि ज्योतीच्या पाठीशी सरळ उभं केलं.